क्योतोतलं कायसेकी: वाटीचं झाकण उघडण्याआधी

जपानी जेवणात मान साशिमीचा, म्हणजे कच्च्या माशाचा, असं आपण धरून चालतो. क्योतोतले आचारी मात्र खरी परीक्षा देतात ती एका झाकणाच्या वाटीत. वाटीत पाण्यासारखं नितळ सूप, त्यात माशाचा किंवा तोफूचा एक तुकडा, सोबतीला एखादी भाजी आणि वर सुगंधासाठी एवढंसं पान नाहीतर सालीची चकती. मसाला नाही, फोडणी नाही, तेल बहुधा नाहीच. पहिल्या घोटाला आपल्या जिभेला ‘यात आहे तरी काय?’ असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. आणि अशा जेवणाला, म्हणजे कायसेकीला, रात्री माणशी वीस हजार ते पन्नास हजार येन मोजावे लागतात, म्हणजे आपले दहा-बारा हजार रुपयांपासून पुढे.

जपानला जाणाऱ्या मराठी मंडळींची संख्या वाढते आहे, आणि एक संध्याकाळ तरी अस्सल पारंपरिक ठिकाणी जेवायचं असं त्यातले बरेच जण ठरवून निघतात. शोधाशोध केली की हाती लागतात सुंदर फोटो आणि ‘हे करू नका, ते करू नका’ अशा लांबलचक याद्या. त्या वाचून भूक वाढण्याऐवजी धास्ती वाढते. या जेवणातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीमागे स्वयंपाकघरातलं, भूगोलातलं नाहीतर व्यवहारातलं ठोस कारण आहे. ते एकदा कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत आणि त्या नितळ सूपमध्ये काय आहे तेही कळायला लागतं.

कायसेकी म्हणजे ऋतूप्रमाणे ठरणारं, एकामागून एक पदार्थ येणारं जेवण. त्याचं मूळ चहात आहे. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांनी चहाच्या विधीला साधं, संयत रूप दिलं. त्या विधीतला मुख्य चहा माचाच्या हिरव्या पुडीचा, दाट घोटलेला. तो रिकाम्या पोटी सोसवत नाही. म्हणून पाहुण्याला आधी थोडं खाऊ घालायचं: भात, एक सूप, तीन पदार्थ. त्याआधीच्या सरदारी मेजवान्यांत छोट्या चौरंगांवर पदार्थांच्या ओळी लागत. त्यातलं बरंचसं पाहण्यापुरतं असे आणि खाईपर्यंत गार झालेलं असे. चहाच्या जेवणाने ही रीत मोडली. पदार्थ मोजके करायचे, पण प्रत्येक पदार्थ ऐन वेळी, गरम असेल तर गरमच पाहुण्यापुढे आणायचा.

पुढे एदो काळात (१६०३–१८६८) शहरांमधून साके या जपानी मद्याबरोबर खाण्याच्या मेजवान्या वाढल्या आणि आज रेस्टॉरंटात मिळणारं कायसेकी या दोन्ही धारांतून आलेलं आहे. चहाच्या जेवणात भात सुरुवातीलाच येतो, रेस्टॉरंटात अगदी शेवटी, कारण तिथे आधीचे सगळे पदार्थ साकेच्या सोबतीने खायचे असतात आणि साके मुळात तांदळाचीच. ओसाकात १९३० साली ‘किच्चो’ सुरू करणाऱ्या तेइइची युकी यांनी चहाघरातली दृष्टी, भांडी आणि संयम रेस्टॉरंटाच्या मेजवानीत आणला. आजच्या कायसेकीवर त्यांचा ठसा मोठा आहे.

आपल्या पानात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, मधोमध वरणभात, असं सगळं जागच्या जागी आणि एकाच वेळी समोर असतं. कोणत्या घासाबरोबर काय घ्यायचं ते जेवणारा ठरवतो. कायसेकीत तीच मांडणी जागेऐवजी वेळेत केलेली असते. दोन-अडीच तासांत काय, कधी, कशानंतर, हे सगळं आचारी ठरवतो. म्हणूनच मेनू निवडायला मिळत नाही. बहुतेक ठिकाणी फक्त किमतीचा टप्पा आधी ठरवायचा असतो.

समुद्र नसलेल्या गावाची पाककला

क्योतो ७९४ सालापासून १८६८ पर्यंत राजधानी होतं. दरबार, मंदिरं, मठ, सरदार, व्यापारी, असे खाण्याचे दर्दी सगळे इथे. पण शहर डोंगरांनी वेढलेलं आणि समुद्र लांब. उत्तरेकडे वाकासा उपसागराच्या काठी ओबामा नावाचं गाव आहे. तिथून साबा मासा (आपल्या बांगड्याचा भाऊबंद) मीठ लावून, पाठीवर लादून, डोंगरवाटांनी क्योतोला आणत. सत्तरेक किलोमीटरची वाट. ती आजही ‘साबा काइदो’, म्हणजे साब्याचा रस्ता, म्हणून ओळखली जाते. मासा शहरात पोचेपर्यंत मीठ नेमकं मुरलेलं असे आणि त्यातूनच क्योतोची प्रसिद्ध साबाझुशी, म्हणजे साब्याची सुशी, जन्माला आली.

ताजा मासा दुर्मीळ, मग या शहराने काय केलं? भाज्यांवर मेहनत घेतली. वाटोळं गरगरीत कामो वांगं, शोगोइन मुळा, कुजो कांद्याची पात या इथल्या खास जाती आजही नावानिशी विकल्या जातात. सोयाबीनपासून तोफू आणि युबा केला. युबा म्हणजे सोयाबीनचं दूध तापवल्यावर वर धरणारी साय. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दूरवरून आलेल्या वाळवणातून चव काढायची कला या गावाने टोकाला नेली. तिचं नाव दाशी.

दाशी हे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी. सूप तिचं, भाज्या शिजतात तिच्यात, अंड्यात ती, सॉसमध्ये ती. घटक दोनच. एक कोंबू, म्हणजे थंड समुद्रात वाढणारी पट्ट्यासारखी वनस्पती. ती येते होक्काइदोहून, जपानच्या उत्तर टोकाहून. एदो काळात कितामाएबुने नावाची व्यापारी गलबतं जपानच्या पश्चिम किनाऱ्याने कोंबू खाली आणत आणि पुढे तो क्योतो-ओसाकाला पोचे. क्योतोतल्या आचाऱ्यांची पसंती बहुधा रिशिरी बेटाकडच्या कोंबूला, कारण त्याची दाशी नितळ उतरते. काही ठिकाणी कोंबू कोठारात वर्षभर किंवा त्याहून अधिक मुरवतात.

दुसरा घटक कात्सुओबुशी. कात्सुओ म्हणजे कुपा माशाच्या जातीतला मासा. त्याच्या लांब फोडी शिजवायच्या, काटे काढायचे, लाकडाच्या धुरावर पुन्हा पुन्हा धुरवायच्या. उंची प्रकारात पुढे त्यांवर खास बुरशी चढवतात, उन्हात ठेवतात, पुन्हा बुरशी, पुन्हा ऊन. काही महिन्यांनी हाती येतो तो लाकडाच्या ओंडक्यासारखा कडक तुकडा. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर टणटण वाजतात. रंध्यासारख्या पात्यावर तो किसून कागदाहून पातळ पापुद्रे काढायचे.

करण्याची कृती वाचायला फारच सोपी आहे. कोंबू पाण्यात घालून साधारण ६० अंश सेल्सियसला तासभर ठेवायचा. उकळू द्यायचा नाही, उकळला की उग्र वास आणि बुळबुळीतपणा येतो. कोंबू काढून पाणी ८० अंशांच्या थोडं वर न्यायचं, पापुद्रे टाकायचे आणि थोड्याच वेळात कापडातून गाळायचं. गाळताना पिळायचं नाही. पहिल्यांदा निघते ती ‘इचिबान दाशी’ आणि झाकणाच्या वाटीतलं सूप हिचंच. उरलेल्या कोंबू-पापुद्र्यांतून दुसरं पाणी काढतात, ते भाज्या शिजवायला.

हे दोनच घटक का, याचं उत्तर विसाव्या शतकात मिळालं. १९०८ साली तोक्योतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबूतून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि गोड, आंबट, खारट, कडू यांपलीकडच्या या चवीला ‘उमामी’ असं नाव दिलं. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिन्तारो कोदामा यांनी कात्सुओबुशीतलं इनोसिनेट ओळखलं. पुढे अकिरा कुनिनाका यांच्या संशोधनातून दिसलं की ही द्रव्यं एकत्र आली की चवीची नुसती बेरीज होत नाही, ती कित्येक पटींनी वाढते. आचारी हे काम शतकानुशतकं करत होते, त्यामागचं कारण तेवढं कळायचं राहिलं होतं. क्योतोचं पाणी मृदू आहे, हेही इथे मोलाचं. जड पाण्यात कोंबूची चव नीट उतरत नाही.

ती वाटी

आता वाटीकडे येऊ. ती लाकडी असते आणि तिच्यावर उरुशी झाडाच्या चिकाचं रोगण चढवलेलं असतं. आत उकळतं सूप असलं तरी बाहेरून हाताला सोसेल इतपत ऊब लागते, म्हणून ती दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावता येते. वाटी उचलून पिणं इथे शिष्टाचारच आहे. समोर येते तेव्हा बऱ्याचदा झाकणावर पाण्याचे बारीक थेंब दिसतात. ते मुद्दाम शिंपडलेले असतात. सूप वाढून झाकण ठेवल्यावर त्याला कुणाचा हात लागलेला नाही, याची ती ग्वाही.

झाकण कधीकधी निघत नाही. आतली वाफ निवली की ते घट्ट बसतं. ओढाताण करू नये. डाव्या हाताच्या बोटांनी वाटीची कड हलकेच दाबायची. कड किंचित वाकते, हवा आत शिरते आणि झाकण सुटतं. उजव्या हाताने ते वाटीवरच तिरकं धरून आतल्या बाजूचं पाणी वाटीत निथळू द्यायचं आणि उजवीकडे उताणं ठेवायचं. या क्षणी लगेच पिऊ नका. झाकण उघडल्यावर जो पहिला वास येतो तो फक्त एकदाच येतो, आणि आचाऱ्याने सगळं बेतलेलं असतं ते त्या एका दरवळासाठी. वसंतात तो ‘किनोमे’चा असतो, म्हणजे सानशोच्या कोवळ्या पानाचा. हा सानशो आपल्या कोकण-गोव्यातल्या तिरफळाच्याच कुळातला. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ पडलं की जो वास सुटतो आणि जिभेला जी झिणझिण येते, तिची सौम्य आठवण या पानात आहे. हिवाळ्यात पानाच्या जागी युझू या लिंबूवर्गीय फळाची पिवळी साल येते.

मग पहिला घोट नुसत्या सूपचा घ्या. मीठ कमी वाटेल. ते मुद्दाम कमी असतं, कारण वाटी संपेपर्यंत तुकड्यातला रस सूपमध्ये उतरत जातो आणि चव शेवटच्या घोटाला पुरी होते. पहिल्या घोटालाच भरपूर चव लागली तर शेवटचा घोट जड होतो. मला विचाराल तर अख्ख्या जेवणात शिकण्यासारखं काही असेल तर हे. आपली जीभ पहिल्या घासात सगळं मागते, इथे तिला थोडं थांबावं लागतं. संपल्यावर झाकण जसं आलं तसंच परत ठेवायचं. उलटं ठेवलं तर रोगणावरच्या सोनेरी नक्षीला चरे पडतात. अशा वाट्यांचे संच काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले जातात.

ऋतू म्हणजे नेमका कुठला आठवडा

जपानी जेवण ऋतूप्रमाणे असतं, हे सगळे सांगतात. कायसेकीतली बारकाई त्याहून पुढची आहे. एकाच जिन्नसाच्या हंगामाचे तीन भाग धरले जातात. ‘हाशिरी’ म्हणजे नुकता आलेला, ‘साकारी’ म्हणजे ऐन भरातला, ‘नागोरी’ म्हणजे जाता जाता निरोप घेणारा. कोवळा बांबू आला की चिमटीभर, नवलाई म्हणून. भरात असेल तर तोच जेवणाचा नायक. हामो मासा शरदात निरोप घेत असतो आणि मात्सुताके अळिंबं नुकती आलेली असतात, तेव्हा दोघांना एकाच सूपमध्ये भेटवतात. जाणारा आणि येणारा ऋतू एका वाटीत. क्योतोत या सूपची लोक वाट बघत असतात.

हा हामो जरा जवळून बघायला हवा, कारण क्योतोचं सगळं कसब त्यात दिसतं. वामीसारखा लांब, दणकट मासा. ओसाकाच्या उपसागरातून, आवाजी बेटाकडून येतो. पाण्याबाहेरही बराच वेळ जिवंत राहतो, म्हणून बर्फ नव्हता त्या काळातही उन्हाळ्यात तो डोंगरातल्या राजधानीला जिवंत पोचे. जुलैतल्या गिओन उत्सवाला ‘हामो उत्सव’ असंही म्हणतात, इतकं त्याचं आणि त्या महिन्याचं नातं.

अडचण एकच, या माशाच्या मांसभर केसासारखे बारीक काटे असतात. ते उपटून काढता येत नाहीत. म्हणून मासा उघडून, कातडीकडची बाजू फळीवर टेकवून, जड आणि लांब सुरीने मांसात चिरा द्यायच्या. एका ‘सुन’मध्ये, म्हणजे सुमारे ३ सेंटिमीटरमध्ये, चोवीसेक चिरा, आणि एकही चीर कातडी भेदून जाता कामा नये. काऊंटरवर बसलात तर सुरीचा आवाज ऐकू येतो. झर्र, झर्र, एका लयीत, काटे तुटत जातात त्याचा. मग तुकडा उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवला की चिरा उलगडतात आणि पांढरंशुभ्र फूल फुलल्यासारखा तो उमलतो. थंड करून तो उमेबोशीच्या, म्हणजे खारवलेल्या आंबट उमे फळाच्या, गराबरोबर देतात किंवा सूपमध्ये घालतात. काटे तोंडात जाणवतही नाहीत. चव म्हणाल तर अगदी सौम्य. इतकी मेहनत इतक्या हळुवार चवीसाठी घ्यावी, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

बाकीचा क्रम

सुरुवात ‘साकिझुके’ने होते. एक-दोन घासांचं काहीतरी, भूक जागवायला. ‘हास्सुन’ हा ऋतूचा देखावा. आठ सुन, म्हणजे साधारण २४ सेंटिमीटर चौरस लाकडी तबकात समुद्रातले आणि डोंगरातले छोटे छोटे पदार्थ मांडलेले. शरदात मेपलचं लाल पान, वसंतात चेरीची डहाळी असं काहीतरी सोबत असतं, ते खायचं नसतं. मग सूप, साशिमी, भाजलेला पदार्थ, दाशीत शिजवलेल्या भाज्या, मधे एखादा आंबट किंवा तळलेला पदार्थ. क्रम रेस्टॉरंटागणिक थोडा बदलतो. शेवटी भात, मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं) सूप आणि लोणचं. भात आला म्हणजे साके संपवायची वेळ झाली असं समजावं. नंतर फळ किंवा गोड, आणि बऱ्याच ठिकाणी माचा.

लक्षपूर्वक पाहिलंत तर एकच कृती लागोपाठ दोनदा येत नाही. कच्चं, उकळलेलं, भाजलेलं, शिजवलेलं, तळलेलं अशी पाळी बदलत राहते. भांडीही तशीच: उन्हाळ्यात काच आणि बांबू, थंडीत जाड मातीची, झाकणाची. कुंभार आणि खवय्ये किताओजी रोसानजिन (१८८३–१९५९) यांनी तोक्योत स्वतःचं रेस्टॉरंट चालवताना मनाजोगी भांडी मिळेनात म्हणून स्वतः घडवायला घेतली. अन्नाला भांडं म्हणजे वस्त्र, अशी त्यांची धारणा होती. भांडं हातात घेऊन पाहायला हरकत नाही, उलट यजमानांना ते आवडतं. फक्त अंगठ्या आणि कडी आधी काढून ठेवा, आणि फार उंच उचलू नका.

खोलीत वागायचं कसं

जुन्या पद्धतीच्या खास रेस्टॉरंटला ‘र्‍योतेई’ म्हणतात. तिथे बहुधा प्रत्येक पाहुण्यांच्या गटाला वेगळी खोली, खाली तातामी (गवताच्या जाड चटया), समोर बाग. बूट दाराशी निघतात, म्हणून स्वच्छ मोजे हवेत. अनवाणी पायाचा घाम तातामीच्या गवतात मुरतो, हे त्यामागचं कारण. भिंतीत एक उंचावलेला कोनाडा असतो, तोकोनोमा. त्यात त्या दिवसासाठी निवडलेलं चित्र किंवा अक्षरलेखन आणि एखादं फूल. तिथे बॅग ठेवू नये. त्याच्या समोरची जागा मानाची, ती वडीलधाऱ्यांना किंवा ज्यांच्यासाठी जेवण आहे त्यांना. यजमानाने दाराजवळ बसायचं. मांडी घालून बसणं आपल्याला जमतंच. गुडघ्यांचा त्रास असेल तर आरक्षणाच्या वेळीच खुर्ची किंवा पाय सोडायला खड्डा असलेलं टेबल मागून घ्या.

अत्तर टाळा. वर सांगितलेला तो एका क्षणाचा दरवळ तुमच्या अत्तराखाली बुडतो, आणि काऊंटर असेल तर शेजाऱ्याचाही. वेळेवर पोचा, कारण मासा निखाऱ्यावर कधी ठेवायचा हे तुमच्या आरक्षणाच्या वेळेवरून मोजलेलं असतं. गरम रुमाल येतो तो हातांसाठी, तोंडासाठी नाही. वासाबी सोयासॉसमध्ये कालवण्याऐवजी माशाच्या तुकड्यावर ठेवा, म्हणजे तिचा वास टिकतो.

चॉपस्टिकचे दोन नियम मात्र मनापासून पाळावेत. त्या भातात उभ्या खोचू नयेत आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नये. मृताच्या पुढे ठेवलेल्या भातात त्या उभ्या खोचतात, आणि दहनानंतर अस्थी उचलताना नातेवाईक त्या एकमेकांच्या काड्यांतून पुढे देतात. बाकीच्या चुका हसून सोडून दिल्या जातात, या दोन बघणाऱ्याच्या काळजाला लागतात. घट्ट धरता येत नसतील तर काटा-चमचा मागावा, त्यात कमीपणा नाही.

मासे न खाणाऱ्यांसाठी

आपल्याकडच्या शाकाहारी वाचकांनी हा भाग नीट वाचावा. दाशी सगळ्यात असते, हे लक्षात घ्या. ताटलीत दिसतो फक्त मुळा, पण तो शिजलेला असतो कात्सुओबुशीच्या पाण्यात. ‘मी मासे खात नाही’ एवढं सांगितलं तर माशाचे तुकडे वगळले जातील, दाशी राहील. म्हणून आरक्षण करतानाच स्पष्ट सांगायचं: मांस, मासे, शिंपले नकोत, कात्सुओबुशीची दाशीही नको. काही रेस्टॉरंटं आठवडाभर आधी कळवलं तर वेगळं जेवण करतात, काही नम्रपणे नाही म्हणतात. त्या नकाराचा राग मानू नये. सगळा स्वयंपाक ज्या पाण्यावर उभा आहे, तेच पाणी एका पाहुण्यासाठी बदलणं लहान स्वयंपाकघराला झेपत नाही. आयत्या वेळी दारात सांगणं मात्र दोघांनाही त्रासाचं.

याहून चांगला मार्ग म्हणजे शोजिन र्‍योरी, झेन बौद्ध मठांचं शाकाहारी जेवण. कायसेकीवर तिचे संस्कार खोल आहेत. १२३७ साली दोगेन या झेन गुरूंनी मठाच्या स्वयंपाक्यासाठी सविस्तर सूचना लिहिल्या, त्यात तांदूळ निवडण्यापासून मनाच्या अवस्थेपर्यंत सगळं आलं. इथे दाशी कोंबू आणि वाळवलेल्या शिताके अळिंब्यांची. शिताकेमध्येही उमामी वाढवणारं द्रव्य आहे, त्यामुळे चवीत उणीव राहत नाही. कांदा-लसूणही वर्ज्य. आपल्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांना हे जेवण परकं वाटणार नाही. मुळा, कमळाचे कंद, आरवीच्या जातीचे कंद मात्र भरपूर असतात, तेव्हा जैन मंडळींनी वेगळं सांगावं लागेल. तिळाचा गोमा-दोफू आणि ताजा युबा चुकवू नका. क्योतोच्या आराशियामा भागात तेनर्‍यू-जी मंदिराच्या आवारात ‘शिगेत्सु’ या ठिकाणी हे जेवण मिळतं, तेही मोठ्या र्‍योतेईपेक्षा बऱ्याच कमी पैशांत.

आरक्षण, पैसे आणि महिना

क्योतोत ‘इचिगेन-सान ओकोतोवारी’ अशी जुनी रीत आहे. ओळखीच्या माणसाने शब्द टाकल्याशिवाय नवा पाहुणा घ्यायचा नाही. ऐकायला हे तुटक वाटतं, पण व्यवहार असा होता की जेवण झाल्यावर पाहुणा पैसे न देता उठे आणि हिशेब नंतर घरी पाठवला जाई. पैसे बुडाले तर ओळख देणाऱ्याची अब्रू जाई. शिवाय रेस्टॉरंटची मालकीण, ओकामी, पाहुण्याच्या आवडीनिवडी लक्षात ठेवून खोली, चित्र, पदार्थ ठरवत असे. अनोळखी माणसासाठी ते करणार कसं? आज बहुतेक नामांकित रेस्टॉरंटं हॉटेलच्या मदतकक्षामार्फत किंवा संकेतस्थळावरून आरक्षण घेतात. नानझेन-जी मंदिराजवळचं चारशे वर्षांहून जुनं ‘ह्योतेई’, किंवा १९१२ पासूनचं ‘किकुनोइ’ ही त्यातली ठळक नावं. महिना-दोन महिने आधी विचारा. आयत्या वेळी रद्द केलंत तर पूर्ण पैसे द्यावे लागू शकतात, कारण तुमचा मासा तुमच्या नावाने आणलेला असतो.

जाहीर केलेल्या किमतीत १० टक्के उपभोग कर आणि १० ते १५ टक्के सेवाशुल्क धरलं आहे का, ते विचारून घ्या. टिप देण्याची पद्धत नाही. ठेवलीत तर परत द्यायला कुणीतरी मागे धावत येईल.

पहिल्या वेळेला मी दुपारचं जेवण सुचवेन. तेच स्वयंपाकघर, तीच दाशी, पैसे निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. काही ठिकाणी दुपारी शोकादो बेंतो मिळतो, चार कप्प्यांच्या चौकोनी डब्यातलं छोटेखानी कायसेकी. सतराव्या शतकातल्या शोकादो शोजो या भिक्षू-कलावंताची अशीच कप्प्यांची पेटी होती. ती पाहून तेइइची युकी यांना हा डबा सुचला.

महिना निवडणं हातात असेल तर चेरीच्या फुलांचे आणि लाल पानांचे आठवडे सोडून द्या. तेव्हा शहर ओसंडून वाहतं आणि टेबल मिळणं मुश्कील. जूनमध्ये पर्यटक कमी असतात. नदीतला आयू मासा नुकता आलेला असतो, मीठ लावून निखाऱ्यावर भाजतात, डोक्यापासून शेपटीपर्यंत खाता येतो. हामोही सुरू झालेला असतो. पाऊस असतो, पण छत्री घेऊन जेवायला जाण्याची आपल्याला सवय आहे.